एकोणतीस अंशांवरची माशी
टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जीवशास्त्र विभागाची साठ वर्षे

टीआयएफआर हे नाव कर्जत-खालापूरकडे बहुधा अणुशक्तीच्या संदर्भातच कानावर पडलेले असते. भाभा, अणुभट्टी, कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरमधली समुद्राकाठची ती इमारत, एवढ्यावर ओळख संपते. त्याच इमारतीत १९६२ साली जीवशास्त्राचा एक छोटा गट सुरू झाला आणि २०२२ साली त्याला साठ वर्षे पूर्ण झाली, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. लेख मागताना संपादक मंडळाने बजावले होते : आपला वाचक घाटाखालचा आहे. त्याने फेफरे पाहिले आहे, फणसाच्या चारखंडांवर घोंघावणारी चिलटे पाहिली आहेत आणि विंचू तर चांगलाच पाहिला आहे. या तिन्हींशी ह्या विभागाचा काय संबंध, ते त्याला कळू द्या. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. या विभागाने एकाही रुग्णाची नाडी पाहिली नाही, तरीही आहे.

पूर्वपीठिका

खोपोलीचे वीजघर १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले, तेव्हापासून टाटा हे नाव आपल्या तालुक्याला घरचे आहे. त्याच घराण्याच्या सर दोराबजी टाटा ट्रस्टला होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये पत्र लिहिले आणि मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था मागितली. १९४५ साली बंगळूरमध्ये काम सुरू झाले आणि त्याच वर्षाअखेर संस्था मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. पुढे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात बिऱ्हाड हलले. नेव्हीनगरच्या वास्तूची पायाभरणी १९५४ साली पंडित नेहरूंनी केली आणि जानेवारी १९६२ मध्ये उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. तोवर सगळा कारभार गणिताचा आणि भौतिकीचा. जीवशास्त्र आले ते नव्या घराबरोबर.

१९६२ ते १९७० : नवे घर, नवा पाहुणा

ओबेद सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे. अलीगढला शिक्षण, ग्लासगोला पाँटेकोर्व्हो यांच्याकडे पीएच.डी., मग अमेरिकेत अॅलन गॅरन यांच्याबरोबर जनुकांतल्या ‘इथे थांबा’ या खुणांवर काम. अणुशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी भाभांकडे त्यांचे नाव काढले असे सांगितले जाते. भाभांनी तिशीतल्या या तरुणाला बोलावून घेतले आणि रेण्वीय जीवशास्त्राचा गट काढायला सांगितले. तेव्हा आपल्या विद्यापीठांत जीवशास्त्र म्हणजे मुख्यतः वर्गीकरण आणि शरीररचना. पदार्थविज्ञानाच्या संस्थेत जिवाणू वाढवणारा माणूस ही त्या काळी चमत्कारिकच गोष्ट वाटली असणार.

पुढे पबित्र कुमार मैत्रा आले आणि झिटा लोबो यांच्यासह त्यांनी यीस्ट हाती घेतले. साधे पाव फुगवणारे यीस्ट. साखर पेशीत शिरली की तिला पहिला हात कोण लावतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी एकेक जनुक बिघडवलेले वाण निवडून काढले आणि दाखवले की हे काम तीन वेगवेगळी विकरे वाटून घेतात. त्यांतल्या ग्लुकोकायनेजची ओळख मैत्रांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

साखर आत येते ती पेशीपटलातल्या वाहक प्रथिनांतून, आणि आत आल्या आल्या ती विकरे तिला धरतात. दोन्ही मिळून एक साखळी. या साखळीचा फेफऱ्याशी संबंध असेल असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. पुढे १९९१ साली अमेरिकेत डी व्हिव्हो आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांची हकिगत छापली. रक्तात साखर पुरेशी, पण मेंदूत ती नेणारा वाहक कमी, म्हणून मुलांना आकड्या येत. अशा मुलांना स्निग्ध पदार्थांवर भर देणारा विशेष आहार देतात, कारण चरबीपासून बनणारे इंधन दुसऱ्या वाहकाने मेंदूत जाऊ शकते.

अडचणी त्या काळाच्याच होत्या. रसायने परदेशातून यायची, त्यासाठी आयात परवाना आणि परकीय चलन लागायचे, आणि थंडीत ठेवायचा माल गोदीवर अडकला की फुकट. १९६६ साली भाभा विमान अपघातात गेले. गटाचा आधार गेला, पण गट टिकला. पुढच्या संचालकांनी हात आखडता घेतला नाही, याची नोंद इथे करायला हवी.

सत्तरचे दशक : माशी

या विभागाच्या इतिहासात एकच दशक निवडायचे झाले तर मी हे निवडीन.

सिद्दिकी कॅलिफोर्नियात सीमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत काही काळ राहिले. बेन्झर मूळचे भौतिकीचे, आणि त्यांनी फळमाशीच्या वागणुकीमागची जनुके शोधायचे मनावर घेतले होते. आपण ज्यांना चिलटे म्हणतो त्यांतलीच ही एक. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने हजारो लोंब्यांतून एक लोंबी कशी निवडली ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बेन्झरांची पद्धत सांगावी लागणार नाही. माश्यांच्या जनुकांत रसायनाने बिघाड करायचा, हजारो माश्या तपासायच्या आणि ज्या एकीचे वागणे वेगळे दिसते तिचा वंश वाढवायचा.

सुझुकी, ग्रिग्लियाटी आणि विल्यमसन यांना १९७१ साली कॅनडात अशी एक माशी सापडली होती. नेहमीच्या खोलीत ती धडधाकट असे, उडे, चाले. तापमान २९ अंशांवर नेले की जागच्या जागी लुळी पडे. पुन्हा थंड केले की उठून चालू लागे, जणू काही झालेच नाही. तिला नाव मिळाले ‘पॅरालिटिक’, पुढे नुसते ‘पॅरा’. तशीच दुसरी ‘शिबिरे’, आणि तिसरी ‘कोमॅटोज’, जी सिद्दिकी आणि बेन्झर यांनी मिळवली. बाहेरून तिन्ही सारख्याच पडत. आत नेमके काय बंद पडते?

दोघांनी माशीच्या मज्जातंतूंत आणि स्नायूंत बारीक इलेक्ट्रोड घातले, माशी गरम केली आणि संदेश कुठवर पोहोचतो ते मोजले. उत्तर सुबक आले. ‘पॅरा’मध्ये चेतातंतूतून संदेश धावतच नाही. ‘शिबिरे’मध्ये तो टोकापर्यंत येतो, पण पुढच्या पेशीला मिळत नाही. हा निबंध १९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. नेहर आणि साकमन यांनी पेशीपटलातल्या एकट्या दारातून वाहणारा विद्युतप्रवाह पहिल्यांदा मोजला तेही याच वर्षी.

दारे म्हणजे काय, ते इथेच सांगतो. चेतापेशीच्या पटलात प्रथिनांची दारे असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पेशी उत्तेजित झाली की सोडियमचे दार उघडते, सोडियम आत घुसते, आणि साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागात दार आपोआप मिटते. मग पोटॅशियमचे दार उघडते, पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशी निवते. हा हिशेब हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ साली समुद्रातल्या माखलीच्या जाड चेतातंतूवर मांडला. आत आलेले सोडियम परत बाहेर टाकायला पंप असतो. तो प्रत्येक फेरीत तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि त्यासाठी सतत इंधन जाळतो. दारातून आयन उताराने वाहतात, पंप त्यांना चढावर नेतो. मेंदूचा सगळा व्यवहार या दोन कामांवर चालतो.

फेफऱ्यात हाच व्यवहार बिघडतो. सोडियमचे दार वेळेत मिटले नाही, किंवा शेजारच्या पेशींना आवरणाऱ्या पेशीच गप्प बसल्या, तर हजारो पेशी एकदम आणि पुन्हा पुन्हा पेटतात. बाहेर दिसते ते डोळे फिरणे, दातखीळ, हातापायांचे झटके. नाकाशी कांदा धरल्याने किंवा मुठीत किल्ली दिल्याने दारे मिटत नाहीत. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जाते. १९३८ पासून वापरात असलेले फेनिटोइन, आणि नंतरचे कार्बामॅझेपिन, ही दोन्ही औषधे सोडियमच्या दारावरच बसतात. फेनोबार्बिटोन त्याहून जुने, ते क्लोराइडच्या दारावर काम करते.

मुंबईत परतल्यावर सिद्दिकींनी माशी विभागात आणली आणि ती कायमची राहिली. याच काळात भौतिकीतून जीवशास्त्रात आलेले पी. बाबू यांनी ‘सी. एलेगन्स’ हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी हाती घेतला. त्यांचा त्यावरचा निबंध १९७४ चा, म्हणजे ब्रेनर यांनी या कृमीची जगाला ओळख करून दिली त्याच वर्षीचा.

माश्या पाळणे हे रोजचे काम होते. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवायचे, गरम असतानाच बाटल्यांत ओतायचे, कापसाचे बोळे लावायचे, दर पंधरवड्याला प्रत्येक वाण नव्या बाटलीत न्यायचा, जुन्या बाटल्या उकळून धुवायच्या. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी आली की वर्षानुवर्षे जपलेला वाण आठवड्यात जातो. निबंधांवर ज्यांची नावे नाहीत अशा अनेक हातांनी हे काम दशकानुदशके सांभाळले. वर्कशॉपमधल्या कारागिरांनी, काचकाम करणाऱ्यांनी, भांडारातल्या माणसांनी साथ दिली. ‘पॅरा’ला २९ अंशांवर पाडण्याआधी तिला खाऊपिऊ घालून वाढवावे लागते, हे विभागातले कुणी विसरत नाही आणि या इतिहासानेही विसरू नये.

ऐंशीचे दशक : वास आणि चव

या दशकाचा चेहरा म्हणजे व्हेरोनिका रॉड्रिग्ज. केनियात जन्मलेल्या, गोमंतकीय घरातल्या, डब्लिनमध्ये शिकलेल्या. सिद्दिकींचे काम वाचून त्या पीएच.डी.साठी मुंबईत आल्या. दोघांनी मिळून वास आणि चव न कळणाऱ्या माश्या निवडल्या. वास ओळखणारी पेशी त्या वासाची खबर मेंदूला कळवते तीही याच दारांतून. १९८७ साली ‘नेचर’मध्ये गोड-खारट ओळखणाऱ्या पेशींच्या एका जनुकावरचा निबंध आला. त्यात अरोरा, रॉड्रिग्ज, जोशी, शानभाग आणि सिद्दिकी अशी नावे आहेत.

१९८७ सालीच अमेरिकेत माशीच्या ‘शेकर’ जनुकातून पोटॅशियमच्या दाराची पहिली ओळख पटली, आणि १९८९ साली ‘पॅरा’चे जनुक हाती आले. ते सोडियमच्या दाराचेच निघाले. १९७६ मध्ये मुंबई-कॅलिफोर्नियाच्या जोडीने जे लक्षण नोंदवले होते, त्यामागची रेणूची गोष्ट तेरा वर्षांनी कळली. जनुक सापडले ते दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, पण प्रश्न कुठला विचारायचा हे आधीच ठरून गेले होते.

आपल्या जिल्ह्याची आठवण इथे काढल्यावाचून राहवत नाही. याच वर्षांत महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण तपासत होते. लाल विंचवाचे विष सोडियमच्या दाराला मिटू देत नाही, त्यामुळे शरीरात उत्तेजक रसायनांचा पूर येतो आणि हृदय कोलमडते. बावस्करांनी प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून मृत्यू कमी करून दाखवले आणि ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुलाब्यात माशीवर आणि महाडात विंचू चावलेल्या माणसावर जे चालले होते, त्याच्या मुळाशी एकच प्रथिन होते. भाताच्या खाचरात बांधावर हात घालणाऱ्याला त्याचे नाव माहीत नसेल, पण त्याचा दणका माहीत असतो.

नव्वदचे दशक : एका घराची दोन घरे

बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. संस्था टीआयएफआरचीच, कल्पना आणि चिकाटी सिद्दिकींची. काही मंडळी तिकडे गेली, काही कुलाब्यात राहिली. इतका मोठा बदल होताना चर्चा रंगल्या, मते वेगळी पडली. आज मागे वळून पाहताना दोन्ही घरे नांदती आहेत, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

कुलाब्यात माशीच्या दारांचा प्रश्न के. एस. कृष्णन यांनी नेटाने पुढे नेला. १९९० साली हॉवर्ड नॅश यांच्याबरोबर त्यांनी भूल देणाऱ्या हॅलोथेनने लवकर न गुंगणाऱ्या माश्या निवडल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस झोपतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न त्यांनी जनुकांकडे नेला. त्यांतल्या एका माशीतले बिघडलेले जनुक पुढे एका आगळ्या आयन चॅनेलचे निघाले. तापमानाने लुळी पडणाऱ्या आणखी एका माशीला ‘स्तंभ’ हे देशी नाव मिळाले.

दोन हजारचे दशक : शंख

२००० आणि २००१ साली अमेरिका आणि युरोपातल्या गटांनी माणसाच्या मेंदूतल्या सोडियमच्या दाराचे एक जनुक, एससीएन-१-ए, थेट फेफऱ्याशी जोडले. काही घराण्यांत ताप आला की आकडी येते, आणि काही मुलांत ती पुढे ड्रॅव्हे सिंड्रोम हे कठीण रूप घेते, त्यामागे हे जनुक असते. ‘पॅरा’ त्याचीच नातलग. तापाने आकडी येणारे मूल आणि २९ अंशांवर पडणारी माशी यांच्यातले नाते असे तीस वर्षांनी पुढे आले. ड्रॅव्हेमध्ये मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींचे दार दुबळे असते. म्हणून सोडियम अडवणारी नेहमीची औषधे अशा मुलांच्या आकड्या वाढवू शकतात. एकाच नावाच्या आजाराला एकच गोळी का चालत नाही, हे त्यातून उमगते आणि डॉक्टर औषध बदलतात तेव्हा ते उगाच बदलत नाहीत, हेही.

कृष्णन या दशकात समुद्राकडे वळले. कोन जातीचे गोगलगाईसारखे शंख विषारी सुईने मासा किंवा कृमी टिपतात, आणि त्या विषातले लहान लहान पेप्टाइड आयन चॅनेलवरच नेम धरतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या ‘कोनस अमॅडिस’ या शंखाचे विष उलगडले. त्यातले एक पेप्टाइड सोडियमच्या दाराला मिटू देत नाही, अगदी आपल्या लाल विंचवासारखे. हा निबंध २००३ चा. पोटॅशियमच्या दाराची रचना उलगडणाऱ्या मॅकिनन यांना नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी. त्याआधी, २००१ साली, ‘शिबिरे’ माशीत टोकाशी संदेश का अडतो, तो पुढे पोहोचवायला लागणारे इंधन कुठून येते, यावरचा कृष्णन आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘न्यूरॉन’मध्ये आला होता.

शुभा टोळे यांनी मेंदूच्या घडणीचा प्रश्न हाती घेतला. मेंदूच्या बाह्यपटलातला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग कुठे आणि कसा बनतो, हे ठरवणाऱ्या जनुकावरचे त्यांच्या गटाचे काम २००८ साली ‘सायन्स’मध्ये आले. हिप्पोकॅम्पस स्मरणशक्तीसाठी ओळखला जातो, पण मोठ्या वयातले हट्टी फेफरे पुष्कळदा त्याच्याच आसपास सुरू होते.

२०१० नंतर

२०१० मध्ये व्हेरोनिका रॉड्रिग्ज गेल्या आणि २०१३ मध्ये ओबेद सिद्दिकी. याच सुमारास माशीवरचे काम फेफऱ्याच्या दारात अगदी थेट आले. बाटली आपटली की झटके येणाऱ्या माश्या बेन्झरांच्या काळापासून ठाऊक होत्या. २०११ साली कळले की त्यांतल्या एका वाणात बिघाड ‘पॅरा’तच आहे. आधीची ‘पॅरा’ लुळी पडत होती, ही झटके देत होती. दार उघडले नाही तर एक, नको तेवढे उघडले तर दुसरे. २०१२ साली माणसातला तापाच्या आकडीचा बिघाड जसाच्या तसा माशीत घालून पाहिला गेला आणि गरम केल्यावर माशीलाही झटके आले. हे काम अमेरिकेतले, पण त्याची मुळे ज्या निबंधांत आहेत त्यांत १९७६ चा निबंध अग्रभागी आहे.

कुलाब्यातल्या विभागात आज पुष्कळ प्रश्न एकत्र नांदतात. संध्या कौशिका कृमीच्या चेतापेशीत माल एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कसा नेला जातो ते पाहतात. बाबूंचा कृमी अशा रीतीने विभागात परत आला. विदिता वैद्य भावना, ताण आणि सेरोटोनिन यांवर काम करतात, त्यांना २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. शुभा टोळे मेंदू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. मलेरिया, झेब्रामासा, पेशींचे चयापचय हेही आहे.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना फेफरे आहे आणि योग्य औषधाने त्यांतले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिंदू विवाह कायद्यात फेफरे हा लग्नाला अडसर मानला जाई, तो १९९९ च्या दुरुस्तीने निघाला. वाडीवस्तीवर मात्र मुलीचे फेफरे अजूनही लपवले जाते आणि गोळ्या मधेच बंद होतात. गोळी अचानक थांबवली की मेंदूतली दारे पुन्हा मोकाट सुटतात, आणि परतून आलेला झटका कधी कधी लांबतो. विभागाच्या कामात हा भाग येत नाही, तो आपल्या आरोग्य केंद्रांचा आणि आशाताईंचा आहे.

मुलांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. जीवशास्त्रात पीएच.डी. किंवा एकात्मिक पीएच.डी. करायची असेल तर ‘जेजीईईबीआयएलएस’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी जीवशास्त्राचीच पदवी हवी असे नाही, भौतिकी किंवा गणित शिकलेल्यांनाही दार उघडे आहे, आणि बाबूंचा आदर्श समोर आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काही आठवडे प्रयोगशाळेत काम करू देणारी योजना आहे, तिचे अर्ज आधीच्या हिवाळ्यात निघतात. ‘चाय अँड व्हाय?’ हा गप्पांचा कार्यक्रम २००९ पासून मुंबईत चालतो, त्याला पूर्वनोंदणी किंवा तिकीट लागत नाही. कर्जतहून सकाळची सीएसएमटी लोकल धरली तर दुपारच्या आत कुलाब्याला पोहोचून संध्याकाळी परत येता येते.